रिकाम्या खोरवण्यातली दुपार

“मांजर रवला!”

व्हाळाच्या पाण्यात घोट्यापर्यंत उभी असलेली एक म्हातारी ओरडली आणि अख्खं गाव जागच्या जागी थांबलं. पुढे गुरं होती, त्यांच्यामागे डोक्यावर बोचकी घेतलेल्या बाया, टोपल्यांतून माना बाहेर काढणाऱ्या कोंबड्या, एका गड्याच्या खांद्यावर गोधडीत गुंडाळलेला टीव्ही. सगळ्यांनी वळून म्हातारीकडे पाहिलं.

“कोणाचां मांजर?”

“माझां नाय, तुझांच! चुलीवैल्या फळयेवर झोपलेलां. मी डोळ्यांनी बघलंय.”

“मगे आणूक काय झाला तुका? हात मोडले?”

लोक हसले. दाजी गावकर मात्र हसले नाहीत. ते गावचे मुख्य मानकरी. सत्तरी ओलांडलेला, काठीसारखा ताठ माणूस. त्यांनी हात वर केला. “मांजर येयत तोवर कोण पुढे जावचो नाय,” ते म्हणाले, आणि दोन गडी मांजर आणायला परत पळाले.

आमच्या प्रमुख डॉ. कालिंदी रेगे काठावरच्या खडकावर बसून येणाऱ्या प्रत्येक घराची नोंद करत होत्या. त्या आनंदानं माझ्याकडे वळल्या. “पाहिलंत निमकरसर? मांजरासाठी गाव थांबतं. शहरात पूर आला तर आपण माणसांसाठी थांबत नाही.”

मी मान हलवली. मला काहीतरी म्हणायचं होतं. पण काय ते ठरेपर्यंत त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. माझं नेहमी असंच होई.

या गोष्टीला आता तीसेक वर्षं होतील. विद्यापीठानं तेव्हा एक नवा प्रकल्प काढला होता. निरनिराळ्या विषयांच्या लोकांनी एकत्र बसून शोधायचं की एखादं गाव संकटातून तग धरतं ते कशामुळे. रेगेबाई भूगर्भशास्त्राच्या. नेल्सन डाबरे वसईचा, पशुपक्ष्यांचा अभ्यासक. हर्षद मणेरीकर इलेक्ट्रॉनिक्सचा, आमच्यात सगळ्यांत तरुण. आणि मी लोकसाहित्याचा. नियमात मानव्यशाखेचा एक तरी माणूस हवा असं होतं, म्हणून मला घेतलं होतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण बैठकीत माझ्याकडे चहाचं विचारण्यापलीकडे फारसं काही विचारलं जात नसे, त्यावरून मी ते ओळखलं होतं.

खोरवणे आम्ही निवडलं ते गावपळणीमुळे. दर काही वर्षांनी मार्गशीर्षात देवीचा कौल झाला की सगळं गाव तीन दिवस शिवेबाहेर जाऊन राहतं. व्हाळापलीकडे माळावर नारळाच्या झापांच्या खोपी उभ्या राहतात, चुली पेटतात, भजनं होतात. गाव त्या तीन दिवसांत ‘त्यांना’ दिलेलं असतं. ते कोण, हे कोणी बोलत नाही. घरांना कुलूप लावायचं नाही, नुसती कडी. उंबऱ्याशी पाण्याची भरलेली घागर ठेवायची. आणि जिवंत असेल ते सगळं बाहेर न्यायचं. गावावरच्या डोंगराला रेगेबाईंना मोठी भेग सापडली होती. एके दिवशी तो डोंगर खाली येणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. एका सकाळीत रिकामं होऊ शकणारं गाव म्हणजे त्यांच्या दृष्टीनं सोनंच होतं.

मांजर आलं. शिव्या खात, पोत्यात कोंबलेलं, पण आलं. दाजींनी गावाकडे तोंड करून हात जोडले आणि व्हाळ ओलांडला.

“कोणी मुद्दाम मागं राहिलं तर?” हर्षदनं त्यांना विचारलं.

“रवाचां कित्या रे झिला?” ते म्हणाले. “जो थय रवलो, तो थयचो झालो. मगे आमच्यात तेचो पाट मांडणत नाय.”

हर्षदचा प्रश्न उगाच नव्हता. त्याचं स्वतःचंच काहीतरी गावात मागं राहिलं होतं. विहिरीजवळच्या फणसावर, शाळेच्या कौलाखाली आणि देवळाच्या वाटेवर त्यानं मायक्रोफोन बांधले होते. त्यांचा आवाज बिनतारी यंत्रणेनं आमच्या तंबूतल्या पेटीत यायचा आणि टेपवर उतरायचा. माणूस नसताना गाव कसं ऐकू येतं ते नेल्सनला हवं होतं आणि डोंगराची कुरकुर रेगेबाईंना. दाजींची परवानगी काढायला मला पाठवलं होतं. मी पुष्कळ तयारी करून गेलो होतो. त्यांनी एवढंच विचारलं, “यंत्र जिवंत नाय मां? मगे रवांदे.”

*

पहिल्या दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही चौघं तंबूत बसलो आणि हर्षदनं पेटीचा कान पिळला.

आधी नुसती खरखर. मग ती विरळ झाली आणि तिच्यामागून काहीतरी यायला लागलं. खस्स… खस्स… खस्स. एका लयीत, मध्ये थोडं थांबून, पुन्हा.

“धनेश,” नेल्सन लगेच म्हणाला. “फणसावर उतरला असणार. त्याच्या पंखांचा असाच आवाज होतो.”

“इतका वेळ? एका जागी?” रेगेबाईंनी डोळे मिटले होते. “नाही. माती घसरतेय. भेगेतून बारीक खडी खाली येत असणार. हे फार महत्त्वाचं आहे.”

“मॅडम, ही कुठल्यातरी रेडिओ केंद्राची लहर आहे,” हर्षद म्हणाला. “मी गाळून दाखवतो.” त्यानं बटणं फिरवली. आवाज गेला नाही, उलट स्वच्छ झाला.

“निमकरसर, तुमचं काय मत?”

कोणीतरी खराट्यानं अंगण झाडत होतं. माझ्या मनात शंका नव्हती. पण तिघांकडे आपापली शास्त्रं होती आणि माझ्याकडे नुसता कान.

“निश्चित सांगता येणार नाही,” मी म्हणालो.

“लिहून घ्या,” नेल्सन हसत म्हणाला. “लोकसाहित्य विभाग : अनिश्चित.”

मीही हसलो.

तेवढ्यात शेवंती घाडी चहा घेऊन आली. आमचं खाणंपिणं तिच्याकडे होतं. पस्तिशीची, कामाला वाघीण, बोलायला तिखट बाई. तिचा नवरा मोतीराम चार वर्षांपूर्वी मासेमारीच्या बोटीवर गेला होता. बोट फुटली. बरोबरचे किनाऱ्याला लागले, कोणी जिवंत, कोणी तसे. मोतीराम लागला नाही. सासरच्यांनी त्याचे दिवस घालायचं काढलं की ती म्हणे, “मेलेलो दाखवा, मगे घालूया.” रोज रात्री त्याचं ताट वाढायची. हे सगळं मला गावातल्या इतर बायांनी सांगितलं होतं. ती स्वतः कधी बोलली नव्हती.

“या ताई, ऐका!” हर्षदनं कानाला लावायचे फोन तिच्यापुढे धरले. आमच्या प्रकल्पात एक तत्त्व होतं, आणि रेगेबाईंना त्याचा फार अभिमान होता : गाव आपला भागीदार आहे, जे आपण पाहू-ऐकू ते त्याच वेळी गावालाही दाखवायचं. “हा माइक तुमच्याच घराजवळचा आहे.”

“माका नको बाबा. आयकाचां नसता.”

“का?”

“नसता म्हणान नसता.” पण फोन तिच्या डोक्यावर बसलासुद्धा होता. हर्षद हसत होता, तीही हसत होती. “शीऽ, कायतरीच खरखरता…”

मग तिचं हसू थांबलं. ते मावळलं नाही, चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि आतून ती कुठेतरी निघून गेली. ती बराच वेळ ऐकत होती.

“काय ऐकू येतंय?” रेगेबाईंनी पेन उचललं.

“बादली खाली ठेवल्यानी,” ती हळू म्हणाली. मग एकदम भानावर आली, फोन काढले आणि कप गोळा करायला लागली. त्यांतले दोन भरलेले होते. “काय नाय ओ बाई. वारो.”

संध्याकाळपर्यंत ती चार-सहा वेळा तंबूशी येऊन गेली. कधी पाणी हवंय का विचारायला, कधी भाजीत तिखट चालेल का विचारायला. दर वेळी नजर पेटीवर. बाहेर खोपींमध्ये टाळमृदंग असे काही कुटले जात होते की एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. मला वाटलं, सुट्टीची मजा आहे.

*

दुसऱ्या दुपारी रेगेबाई, नेल्सन आणि हर्षद डोंगराच्या पलीकडल्या अंगानं भेगेची मोजमापं करायला गेली. गावातून न जाता वळसा घालून जायचं होतं. मी तंबूत पेटी राखत बसलो. अशी कामं मला आवडत. फोन कानाला लावायचे, समोर पुस्तक उघडं ठेवायचं.

खराट्याचा आवाज त्या दिवशी नव्हता. मधूनच रहाट कुरकुरायचा. लांब कुठे काहीतरी कांडलं जात होतं. मी प्रत्येक आवाजासाठी नेल्सनच्या किंवा रेगेबाईंच्या तोंडी शोभेल असं कारण शोधत होतो आणि ते सापडतही होतं.

मग दाराची कडी वाजली. अगदी जवळ. आणि एक बाई म्हणाली, “मी इलंय हां.”

तो आवाज मी गेले दोन महिने रोज ऐकत होतो. तो शेवंतीचा होता.

मी फोन काढले. बाहेर भजन रंगलं होतं. तिच्या चुलीवर भात रटरटत होता आणि तिथं कोणी नव्हतं. मी पुन्हा फोन लावले. पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि शेवंती कोणाशीतरी बोलल्यासारखी म्हणाली, “पाणी कढत आसा, बघा.”

दाजींना सांगायचं की नाही, यावर मी किती वेळ घालवला ते माहीत नाही. सांगितलं असतं तर उभं गाव खवळलं असतं. गावात माणूस असताना कौल होत नाही. कौल नाही तर परतणं नाही. आणि ‘तेचो पाट मांडणत नाय’ हे दाजी ज्या आवाजात म्हणाले होते तो माझ्या लक्षात होता. न सांगितलं असतं, तर ती तिथंच बसून राहिली असती. कौलापर्यंत, किंवा त्याच्यानंतरही. दुसऱ्या कोणाला पाठवावं म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. पाठवण्यासारखं कोणीच दिसेना. मी चपला हातात घेतल्या आणि व्हाळात पाय टाकला.

भजन मला पहिल्या वळणापर्यंत ऐकू येत होतं. वळणावर एक चिरेबंदी कुंपण आहे. ते ओलांडलं आणि कोणी दार लावून घेतल्यासारखं ते थांबलं.

ऊन लख्ख होतं. गावात काही हलत नव्हतं. कुत्रं नाही, कोंबडी नाही, वाळत घातलेलं लुगडंसुद्धा नाही. घरांच्या कड्या घातलेल्या होत्या, उंबऱ्याशी घागरी होत्या. घागरी काठोकाठ भरून ठेवलेल्या मी आदल्या सकाळी पाहिल्या होत्या. आता काही अर्ध्या होत्या. उन्हानं आटल्या असतील असं मी मनाशी म्हटलं आणि चालत राहिलो. खोरवण्यात फणस आणि आंबे फार. पानं गळून घरापुढची खळी भरायला एक रात्र पुरते. पण एकाही खळ्यात पान नव्हतं. मातीवर खराट्याच्या ओळी होत्या, ताज्या, आणि त्या ओळींवर कोणाचंही पाऊल उमटलं नव्हतं. मी कडेकडेनं चाललो. का ते सांगता येणार नाही. सारवलेल्या जमिनीवरून कोणी ओल्या पायांनी जाऊ नये तसं वाटलं.

शेवंतीचं घर विहिरीच्या पुढे, डोंगराखाली शेवटचं. ती पडवीत बसली होती, घराच्या मागच्या बाजूकडे तोंड करून. तिची पाठ मला दिसत होती. खांद्यावर घडी केलेला पंचा होता.

“शेवंतीताई,” मी म्हणालो. पुन्हा म्हणालो.

तिनं मान वळवली नाही. “बसा मास्तरानू. न्हातत ते.”

घरामागे झापांचा आडोसा केलेली न्हाणी होती. तिच्यातून पाण्याचा आवाज येत होता. तांब्या घंगाळात बुडतो, वर येतो, अंगावर रिकामा होतो, खाली दगडावर पाणी आदळतं. मध्ये खाकरल्यासारखं काहीतरी. झापांच्या फटी बारीक होत्या आणि मी तिकडे पाहत नव्हतो.

“चला,” मी म्हणालो. “कोणाला कळायच्या आत परत जाऊ.”

“तुमी जावा. तुमचां हय काय काम?”

“दाजी म्हणाले ते तुम्हाला ठाऊक आहे.”

“म्हायत आसा. थयचां झाला तर झाला.” ती अगदी शांतपणे बोलत होती, बाजारात काय स्वस्त आहे ते सांगावं तशी. “थय तरी काय आसा माझां, मास्तरानू? सासू म्हणता, दिवस घाल. दीर म्हणता, घाल. चार वरसां मी हाक मारतंय आणि कोण ओ देणा नाय. हय निदान पाणी वततत, तां तरी आयकाक येता.”

“पुढे जाऊन पाहिलंत का तुम्ही? न्हाणीत?”

“नाय,” ती म्हणाली. “न्हाताना कसां बघतलंय? भायर येतले मां.”

“आणि आले नाहीत तर?”

“मगे बसान रवतलंय.”

मला पटवून देता येत नाही. आयुष्यात मी कोणालाही कसलंही पटवून दिल्याचं मला आठवत नाही. ते पाणी कोणी ओतत नाही, झऱ्याचं असेल, डोंगरातून वाट काढून येत असेल, असं रेगेबाईंनी तिला सांगितलं असतं. मला ते खरं वाटत नव्हतं, तर मी कसं सांगणार? मी त्या खळ्यात उभा होतो आणि माझ्या डोक्यात येत होती ती फक्त गाऱ्हाणी.

मी गाऱ्हाणी गोळा करत असे. कुठलंही काम काढताना मानकरी देवासमोर उभा राहून मोठ्यानं जे मागणं मागतो ते. एकेक वाक्य झालं की जमलेली माणसं एका सुरात “व्हय म्हाराजा” म्हणतात, आणि तो होकार आला की मागणं पोचलं असं धरतात. माझ्याकडे शंभरेक तरी असतील, वाडीवाडीतून उतरवून घेतलेली. वर्गात वाचून दाखवायची वेळ आली तर मी पुटपुटायचो. मोठ्यानं कधीच म्हटलं नव्हतं. म्हणायचा मला अधिकारही नव्हता. मी कोणत्या गावचा मानकरी?

मी चपला खाली ठेवल्या आणि हात जोडले. न्हाणीकडे तोंड केलं, पण डोळे मिटून घेतले.

“बा म्हाराजा,” मी म्हणालो. आवाज चिरकला. “ह्या घराच्या धन्या, आज मी परको मानूस तुझ्या खळ्यात उभो रवान सांगणां करतंय, तां मान्य करून घे, म्हाराजा!”

तांब्या बुडाला. वर आला नाही.

“व्हय म्हाराजा.”

आवाज खालचा होता, घोगरा, रडून बसलेल्या माणसाचा असतो तसा. मी डोळे उघडले. शेवंतीची पाठ तशीच होती. तोंडाशी तिनं हात नेला होता. मला धीर आला. ती ओ देत होती. म्हणजे ती ऐकत होती.

“ही तुझी अस्तुरी तुझ्या वाटेक डोळे लावन बसली हा. रोज तुझां ताट वाढता. तिचां काय चुकला-माकला आसात, तर तां पोटात घाल, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा.”

पुढचं कुठल्याच गाऱ्हाण्यात नव्हतं. ते मला तिथल्या तिथे जुळवावं लागलं.

“माणसां माणसांत रवांदेत. हिची वाट अडव नको. हिका माझ्यावांगडा शिवेभायर सुखरूप जावक दी… आणि तूय आता सुखान जा, म्हाराजा!”

काही नाही. विहिरीवरच्या फणसाचं एक पान खाली आलं. ते जमिनीला टेकल्याचं मी ऐकलं. पाणी थांबलं होतं. आपण चुकलो, असं मला वाटलं. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, ती आता कधीच उठणार नाही. इतका वेळ गेला.

मग, अगदी हळू, “व्हय म्हाराजा.”

शेवंती उठली. घरामागे गेली. मी एक पाऊल पुढे टाकलं. पण तिनं खांद्यावरचा पंचा न्हाणीच्या कुडावर, आतून हात पुरेल असा टाकला आणि परत आली. दाराला कडी घातली. तिचे डोळे कोरडे होते.

“चला,” ती म्हणाली.

आम्ही कडेकडेनं चालत आलो. कुंपणापाशी भजन पुन्हा सुरू झालं.

*

व्हाळाच्या माळाकडच्या काठावर दाजी एकटेच उभे होते. शेवंती मान खाली घालून त्यांच्या बाजूनं गेली आणि सरळ आपल्या चुलीपाशी जाऊन बसली. भात करपला होता. दाजींनी माझे ओले पाय पाहिले.

“परत इल्यात, तां बस झाला. मास्तरानू, आमी दिसभर हे टाळ कित्या कुटतो, तां समाजला?”

“हो.”

“तेंचां तेंका आणि आमचां आमका आसाक व्हया. मदी आयकाचां नाय.” त्यांनी तंबूकडे बोट केलं. “तुमचां यंत्र जिवंत नाय. पण तां आयकता.”

मी तंबूत गेलो आणि पेटीची वायर काढली. टेप फिरायची थांबली. संध्याकाळी तिघं परतली तेव्हा हर्षदनं कपाळाला हात लावला. “कोणी बंद केलं हे?”

“मी.”

“तुम्ही?” रेगेबाईंना खरंच वाटेना. “सर, सगळी दुपार हातची गेली! कारण तरी सांगा. अहवालात मी काय लिहू?”

“गावानं नको म्हटलं, असं लिहा,” मी म्हणालो. “गाव भागीदार आहे ना?”

रेगेबाईंनी वही मिटली. नंतरच्या बैठकांत त्या मला माझं मत विचारू लागल्या, हे मात्र खरं.

*

कौल उजवा झाला. ढोल वाजले, गुरं पुढे घातली गेली आणि गाव व्हाळ ओलांडून परत निघालं. सासवा-सुनांची भांडणं जिथं थांबली होती तिथून पुढे सुरू झाली. मी काठाशी घोटाभर पाण्यात एका बाजूला उभा होतो. शेवंती डोक्यावरचं बोचकं सावरत माझ्यापाशी थांबली.

“मास्तरानू, मी तेंचे दिवस घालतलंय,” ती म्हणाली. “सासूक सांगलंय. रडली म्हातारी. मगे माकाच जवळ घेतल्यान.”

मी तिच्या कलत्या बोचक्याला हात दिला.

“तुमी बरां इचारल्यात तेंका. माका कधी सुचलाच नाय. मी आपली बोलवत रवलंय, बोलवत रवलंय. ‘जातास काय,’ म्हणान कधी इचारूकच नाय.”

“मी नुसतं विचारलं,” मी म्हणालो. “ओ तर तुम्हीच दिलीत.”

तिनं बोचक्याखालून माझ्याकडे पाहिलं. “मी?”

“व्हय म्हाराजा म्हणालात ते.”

“मी खय तोंड उघडलंय? माझ्या तोंडात पदराचो बोळो होतो. रडू भायर येयत म्हणान.” ती एक पाऊल जवळ आली. आजूबाजूनं माणसं जात होती, कोणीतरी बकरीला शिव्या घालत होतं, आणि तिचा आवाज एकदम खाली गेला. “मास्तरानू, तेंनी म्हटल्यानी तां. तेंनीच ‘जा’ म्हटल्यानी म्हणान मी उठलंय. तुमका… तुमका पण आयकाक इला?”

तिच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की इतका वेळ तिला तीच एक भीती होती : आपल्यालाच ऐकू आलं असेल.

पायाखालचं पाणी फार गार लागत होतं. प्रत्येक गोष्टीचा दोन्ही बाजूंनी विचार करण्यात माझा जन्म गेला. त्या सकाळी केला नाही.

“आलं,” मी म्हणालो. “स्वच्छ आलं.”

“आवाज बरो होतो मां तेंचो?”

“बरा होता. जरा घोगरा होता.”

“घोगरोच तो पयल्यापासून,” शेवंती म्हणाली, आणि हसली, आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. दोन्ही हात बोचक्याला लागलेले होते, त्यामुळे तिला ते पुसता येईना. तशीच ती व्हाळात उतरली, आणि पलीकडे तिची सासू वाट बघत थांबली होती, तिच्याकडे गेली.